सही करा, पण आधी शाळेचा रकाना वाचा

पत्र :

"ताई, माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, लग्नानंतर पुण्यात होतो आणि ऑगस्टमध्ये न्यू जर्सीला आलो. मुलगा इथल्या पब्लिक, म्हणजे सरकारी, स्कूलमध्ये तिसरीत आहे. शाळा सुरू झाल्या झाल्या त्याच्या फोल्डरमधून एक कागद आला. वर 'टायटल वन' असं छापलेलं आणि खाली शाळा, पालक, विद्यार्थी अशा तिघांच्या सह्यांच्या जागा. मिस्टर म्हणाले, टायटल वन म्हणजे गरिबांची शाळा, सहीबिही करू नकोस, लीज संपली की चांगल्या रेटिंगच्या गावात जाऊ. तो कागद अजून फ्रिजवरच आहे. मुलाला रोज वर्गातून उठवून ईएसएलला (इंग्रजीच्या वेगळ्या तासाला) नेतात आणि नेमकं तेव्हा वर्गात सायन्स चालू असतं. त्याच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या त्याला दीड महिना झाला. बदली बाई आहेत, पण त्यांच्याबद्दल आम्हाला काहीच कळवलेलं नाही. पालक-शिक्षक भेटीला मिस्टर टूरवर होते म्हणून मी एकटी गेले. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं. बाई भराभर बोलत होत्या आणि मुलगाच मध्ये मला सांगत होता. त्या पाच मिनिटं बोलल्या आणि हा म्हणाला, 'मी गुड आहे म्हणाल्या.' जाऊन विचारावं तर भीती वाटते, मुलावर राग काढतील. शिवाय आम्ही एच-वन, एच-फोर व्हिसावर, उगाच कुठे नाव जायला नको. मी काय करू? ता. क. सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत, त्यांना शाळेतून नातवाला आणता येईल का?"
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर :

आधी तुमच्या मिस्टरांचं बघू, कारण कागद त्यांच्यामुळे अडलाय. टायटल वन म्हणजे गरिबांची शाळा, हे त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अमेरिकेत शाळेचा बहुतेक खर्च गावच्या प्रॉपर्टी टॅक्समधून आणि राज्याच्या तिजोरीतून चालतो. म्हणजे ज्या गावात घरं महाग, त्या गावची शाळा सधन. ही दरी थोडी तरी बुजावी म्हणून १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात शिक्षणाचा एक मोठा कायदा झाला. त्याचं पहिलं प्रकरण म्हणजे टायटल वन. कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं जिथे जास्त, तिथे केंद्र सरकार जादा पैसे देतं, हल्ली वर्षाला सगळे मिळून सुमारे १८ अब्ज डॉलर. शाळेत अशी मुलं ४० टक्के किंवा त्याहून जास्त असली, की ते पैसे ठरावीक मुलांपुरते न ठेवता सगळ्या शाळेसाठी वापरता येतात. तुमच्या मुलाच्या फोल्डरमध्ये तो कागद आला तो बहुधा त्यामुळेच. तुमच्या घरचा पगार कुणी मोजलेला नाही. त्या शिक्क्यावरून शेजारपाजारच्या घरांच्या कमाईचा अंदाज येईल, वर्गात शिकवतात कसं ते कळणार नाही.

जॉन्सन तरुणपणी टेक्सासमधल्या कोटुला गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवत होते. घरी स्पॅनिश बोलणारी मुलं ती. कायद्यावर सही करायला ते आपल्या लहानपणच्या एका खोलीच्या शाळेपाशी जाऊन बसले आणि शेजारी आपल्या पहिल्या बाईंना बसवलं. राजकारण्याचा देखावा म्हणा हवं तर. पण ज्या मुलाची आई मास्तरांशी बोलू शकत नाही त्या मुलाचं काय होतं, हे या माणसाने वर्गात उभं राहून पाहिलेलं होतं.

आता पैसे आले की काय होतं हे आपल्या लोकांना सांगायला नको. चार वर्षांत, १९६९ साली, नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी हिशेब तपासले, तर काही ठिकाणी गरीब मुलांच्या पैशांतून पोहण्याचे तलाव झालेले निघाले! पैशांवर पालकांची नजर हवी या मागणीला त्यानंतर जोर आला. १९७४ साली पालकांच्या सल्लागार समित्या सक्तीच्या झाल्या, १९८१ साली ती सक्ती निघाली, आणि १९९४ साली तुमच्या फ्रिजवरच्या कागदाचा जन्म झाला. सध्या लागू असलेला कायदा २०१५चा आहे आणि त्याचं कलम १११६ सबंध पालकांवरच आहे. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे ना, तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका? तुमच्या माहेरच्या जिल्हा परिषद शाळेतही ती असणार. काही ठिकाणी सभेच्या वहीवरच्या सह्या घरी येऊन घेतात, तो भाग वेगळा. सांगायचा मुद्दा हा की कागदावर हक्क असणं आणि कुणीतरी तो जाऊन मागणं, यातलं दुसरं काम तिथेही आईबापांनाच करावं लागतं आणि इथेही.

त्या कागदाला इथे कॉम्पॅक्ट म्हणतात. मी इथल्या एका शाळेच्या ऑफिसात बसायचे तेव्हा हे कागद गठ्ठ्याने परत यायचे. आपली मंडळी वाचतात ती मधल्या रकान्यातलं, पालकांचं. रोज वीस मिनिटं वाचून घेईन, वेळेवर झोपवीन, विनाकारण शाळा बुडवू देणार नाही. ते वाचलं की आपण कुठेतरी कमी पडतोय असं वाटायला लागतं, आणि मग एक तर घाईने सही होते नाही तर कागद फ्रिजवर जातो. तुम्ही पहिला रकाना वाचा, शाळेचा. त्यात काय यायला हवं हे कायद्यानेच सांगितलंय. प्राथमिक शाळेत वर्षातून निदान एकदा पालक-शिक्षक भेट आणि त्या भेटीत याच कागदाबद्दल, तुमच्या मुलाला धरून बोलणं. त्याच्या प्रगतीची माहिती वरचेवर देणं. शिक्षकांना भेटता येईल अशी सोय, वर्गात मदत करायची संधी, आणि वर्ग चालू असताना बसून बघण्याची मुभा. आणि शेवटी, घरच्यांना समजेल अशा भाषेत दोन्ही बाजूंनी नियमित बोलणं, शक्य असेल तितकं. हे सगळं त्यात नसेल, तर ते का नाही असं विचारता येतं. हा मजकूर पालकांना बरोबर घेऊन ठरवायचा असतो, तो प्रिन्सिपलनी एकट्याने लिहून पाठवायचा कागद नाही.

सही केल्याने फी लागत नाही, कुठल्या गरिबांच्या यादीत नाव जात नाही. न केल्याने मुलाचं काही अडत नाही. तो कोर्टात उभा राहणारा करार नव्हे. माझं म्हणाल तर सही करा. त्याआधी खालच्या मोकळ्या जागेत दोन ओळी लिहा की घरची भाषा मराठी आहे आणि भेटीच्या वेळी मराठी दुभाषी हवा. मोबाईलवर फोटो काढा आणि मग फोल्डरमध्ये परत घाला.

दुभाषाचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं मला तेच वाटलं. मुलगा खोटं बोलला असं नाही हो. इथल्या शिक्षकांची रीत अशी की पहिलं वाक्य नेहमी कौतुकाचं असतं आणि खरी गोष्ट 'पण'च्या पुढे येते. त्याने पहिलं वाक्य प्रामाणिकपणे तुमच्यापर्यंत पोचवलं आणि पुढचं गिळलं. कुठल्या मुलाने आपलंच गाऱ्हाणं आईला नीट उलगडून सांगितलंय? त्याच्यावर रागावू नका, पण पुन्हा हे काम त्याला देऊ नका. १९६४च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे केंद्राचे पैसे घेणाऱ्या कुणालाही माणसाच्या मूळ देशावरून भेदभाव करता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी बोलणाऱ्या मुलांच्या खटल्यात १९७४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांना नुसतं इंग्रजी वर्गात बसवून ठेवणं म्हणजे समान वागणूक नव्हे. याच कायद्याचा आधार पालकांनाही आहे. मुलाबद्दलची महत्त्वाची माहिती आईबापांना समजेल अशा भाषेत मिळायला हवी, तीही फुकट.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते ऐका. बहुतेक ठिकाणी दुभाषी फोनवर असतो. शिक्षक टेबलावर फोन ठेवतात, स्पीकर लावतात, पलीकडून कुणीतरी "नमस्कार, मी दुभाषी बोलतेय" म्हणतं. ऑफिसातली बाई 'इंडिया' ऐकलं की बेधडक हिंदी लावून देते. तुमची हिंदी भाजीवाल्याशी बोलण्याइतकी असेल आणि मुलाचं लक्ष, वाचन, वागणूक यावर बोलताना अडखळत असेल, तर मराठीच हवी म्हणून सांगा. मराठी दुभाषी कमी, म्हणून आठवडाभर आधी कळवा. सगळं दोनदा बोललं जातं, त्यामुळे वीस मिनिटांच्या भेटीत जेमतेम दहा मिनिटांचं बोलणं होतं. दुप्पट वेळ आधीच मागून घ्या. शिक्षकांना म्हणा, दोन वाक्यं बोला आणि थांबा. आणि बघायचं शिक्षकांकडे, फोनकडे नाही. माझ्या अनुभवात निम्म्या बायका फोनकडे बघून मान डोलावतात आणि समोरच्या माणसाला वाटतं हिला काही विचारायचंच नाही. मुलाला तेवढा वेळ बाहेर लायब्ररीत बसवा.

छापील पत्रकं मराठीत येतील अशी आशा मात्र धरू नका. स्पॅनिशमध्ये येतात, गुजराती, हिंदी, कोरियनमध्ये कुठे कुठे येतात. तिथे 'शक्य असेल तितकं' ही पळवाट आहे. मग निदान तोंडी समजावून सांगा, असं म्हणता येतं.

आता बदली बाई. टायटल वन शाळेत दर वर्षाच्या सुरुवातीला डिस्ट्रिक्टने, म्हणजे तिथल्या सगळ्या पब्लिक शाळांचा कारभार बघणाऱ्या ऑफिसने, पालकांना कळवायचं असतं की तुमच्या मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकांची पात्रता तुम्ही विचारू शकता. त्या इयत्तेचा आणि विषयाचा राज्याचा परवाना आहे का, की तात्पुरत्या परवानगीवर शिकवताहेत, वर्गात मदतनीस असतील तर त्यांचं शिक्षण काय. याशिवाय ज्या शिक्षकाकडे त्या वर्गाचा आवश्यक परवाना नाही, त्याने सलग चार आठवडे किंवा जास्त शिकवलं तर शाळेने आपण होऊन, न विचारता, घरी वेळेत कळवायला हवं. तुमच्याकडे दीड महिना झाला, म्हणजे दोनच शक्यता. एक तर बदली बाईंकडे पूर्ण परवाना आहे आणि शाळा गप्प आहे ती नियमातच आहे, किंवा पत्र यायला हवं होतं आणि आलेलं नाही. कुठली ते विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारताना बदली बाई वाईट आहेत असा सूर नको. त्या उत्तम असू शकतात.

ईएसएलबद्दल. प्रवेशाच्या वेळी घरी कुठली भाषा बोलता असा फॉर्म भरला असेल, तुम्ही मराठी लिहिलं असेल, मग मुलाची इंग्रजीची चाचणी झाली असेल. मराठी लिहिलंत ते बरंच केलंत. मुलावर शिक्का नको म्हणून फॉर्मवर 'इंग्लिश' लिहून टाकणारी आपली मंडळी मी खूप पाहिली, आणि मग चौथीत गणितातली शाब्दिक उदाहरणं कळेनाशी झाली की पुन्हा धावपळ. शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला एक पत्र यायला हवं होतं. मुलाला यात का घेतलं, त्याची पातळी काय, कुठल्या पद्धतीने शिकवणार, यातून बाहेर कधी पडणार आणि तुम्हाला नको असेल तर नकार कसा द्यायचा, हे सगळं त्यात असतं. फोल्डरच्या तळाशी शोधा, नसेल तर मागा. नकार देण्याचा हक्क आहे, पण देऊ नका असं मी सांगेन. नकार दिला तरी दरवर्षीची इंग्रजीची चाचणी चुकत नाही, फक्त शिकवणी जाते. तुमची तक्रार ईएसएलबद्दल नाहीच, सायन्स बुडण्याबद्दल आहे, आणि ती रास्त आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला बाकीचे विषयही मिळायलाच हवेत, ही जबाबदारी शाळेची. म्हणून तेवढंच मागा : तास बदलता येईल का, किंवा ईएसएलच्या बाई वर्गातच येऊन शिकवतील का. काही शाळा असं करतात. आणि कृपा करून घरात मराठी बंद करू नका, कुणीही सांगितलं तरी.

भीतीचं आता. पब्लिक शाळेत मुलाला शिकायला व्हिसाचा प्रश्नच येत नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेची दारं बंद करता येणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने १९८२ साली टेक्सासच्या खटल्यात सांगितलंय, आणि तुम्ही तर रीतसर व्हिसावर आहात. शिक्षकाची पात्रता विचारली किंवा दुभाषी मागितला, तर त्याचा तुमच्या एच-फोरशी संबंध नाही. शाळेतल्या नोंदींबद्दलच्या १९७४च्या कायद्याप्रमाणे मुलाच्या नोंदी शाळेला तुमच्या संमतीशिवाय बाहेर देता येत नाहीत, कायद्यातले अपवाद सोडून. त्याच कायद्याखाली तुम्ही स्वतः त्या नोंदी बघायला मागितल्या तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दाखवाव्या लागतात. वर्गात गोष्ट वाचून दाखवायला वर्क परमिटही लागत नाही, फार तर डिस्ट्रिक्टच्या नियमाप्रमाणे आधी तुमची चौकशी होईल.

राग काढतील का? शिक्षक माणसंच आहेत, एखादा चिडेलही. पण आपण जिथे वाढलो तिथे आईवडील शाळेत आले म्हणजे मुलाने काहीतरी उपद्व्याप केला, असा हिशेब असतो. इथे उलटं आहे. जी आई कधीच काही विचारत नाही तिला काही फिकीर नाही असं धरून चालतात. हा अन्याय आहे, तुमच्या गप्प बसण्यात किती काळजी आहे हे त्यांना कसं कळणार? तरी पद्धत अशी आहे, ती ओळखून वागावं.

विचारायचं ते ईमेलने, एका ईमेलमध्ये एकच विषय. सायन्सचं बदली बाईंना, पात्रतेचं प्रिन्सिपलना. पात्रतेचा मजकूर साधारण असा : "मी तिसरीच्या अमुक वर्गातल्या अमुकची आई. वर्गशिक्षिका रजेवर गेल्यापासून जे शिकवत आहेत त्यांच्याकडे या इयत्तेचा राज्याचा परवाना आहे का, याची माहिती टायटल वन शाळेतील पालक म्हणून मला हवी आहे. कृपया ईमेलने कळवावं. भेटायचं असल्यास मराठी दुभाषाची सोय करावी. धन्यवाद." बस, एवढंच. मिस्टरांकडून किंवा फोनवरच्या ॲपमधून इंग्रजी करून घ्या. सुरुवातीला 'सॉरी टू डिस्टर्ब' नको, आणि शेवटी आपलं लाडकं 'काइंडली डू द नीडफुल' तर मुळीच नको, इथे ते वाचून माणसं गोंधळतात. आठवड्यात उत्तर नाही आलं तर तोच ईमेल पुन्हा पाठवा, वर फक्त एक ओळ घालून.

दर वर्षी टायटल वनची एक सभा घ्यावीच लागते, पालकांना सोयीच्या वेळी. बऱ्याच शाळा ती सप्टेंबरमध्ये बॅक टू स्कूल नाइटला उरकतात, कॅफेटेरियात दहा मिनिटं, भिंतीवर स्लाइड्स, मागे पोरांचा गोंधळ. तुमची हुकली असेल तर स्लाइड्स मागून घ्या. ज्या डिस्ट्रिक्टला वर्षाला ५ लाख डॉलरपेक्षा जास्त टायटल वन मिळतं, त्याला त्यातला किमान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी बाजूला काढावा लागतो आणि त्यातले किमान ९० टक्के शाळांना द्यावे लागतात. समजा डिस्ट्रिक्टला ५० लाख मिळाले, तर ५० हजार पालकांसाठी आणि त्यातले निदान ४५ हजार शाळांकडे. ते कशावर खर्चायचे यात पालकांचं मत घ्यायचं असतं. सभेच्या वेळी मुलं सांभाळायला माणूस, येण्याजाण्याची सोय, आईबापांसाठी वर्ग, असं बरंच काही त्यात बसतं. हे पीटीएपेक्षा, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेपेक्षा, वेगळं बरं का. पीटीए केक विकून पैसे जमवते. हे पैसे सरकारचे आहेत आणि त्यांचा हिशेब विचारायला वर्गणी भरावी लागत नाही. "या वर्षी पालकांच्या पैशातून काय काय केलं?" एवढा एकच प्रश्न सभेत विचारून बघा. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळांमध्ये शंभर बायका गणपतीचं जेवण बिनचूक पार पाडतात, त्यातल्या चार जणी या सभेला गेल्या तरी फरक पडेल.

काय मिळणार नाही तेही सांगते. अमुकच शिक्षक हवा असा हट्ट चालत नाही. न सांगता वर्गात जाता येत नाही. दुसऱ्याच्या मुलाचे मार्क कुणी दाखवणार नाही. टीव्हीवर पालकांचे हक्क म्हणून पुस्तकांवरून जी भांडणं दिसतात ती वेगळीच लढाई आहे, तुमच्या सायन्सच्या तासाचा तिच्याशी संबंध नाही.

शाळेने दादच दिली नाही तर प्रिन्सिपलनंतर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात टायटल वन बघणारा माणूस असतो, मग सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी. बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या जाहीर सभेतही न्यू जर्सीत लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. त्याच्यावर राज्याच्या शिक्षण खात्याकडे लेखी तक्रार. भाषेवरून डावललं तर केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांच्या आत जाता येतं, पण २०२५च्या मार्चमध्ये तिथली निम्मी माणसं कमी केली, तेव्हा तिकडून झटपट उत्तर येईल असं धरू नका. केंद्राचं शिक्षण खातंच बंद करायचा आदेशही त्याच महिन्यात निघाला. त्याने घाबरायचं कारण नाही, टायटल वनचा कायदा काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, केलेला आहे आणि तो राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने पुसला जात नाही. तुमचं काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच होईल असं मला वाटतं.

आणि घर बदलण्याचं. घरांच्या ॲपवर शाळेच्या रेटिंगचा जो आकडा असतो तो मुख्यतः परीक्षेच्या गुणांवरून निघतो आणि गुण बरेचसे घरच्या कमाईप्रमाणे असतात. नऊ रेटिंगच्या गावात भाडं वाढेल. तिथली शाळा टायटल वनमध्ये नसेल, म्हणजे कॉम्पॅक्ट नाही, ती सभा नाही, चार आठवड्यांच्या पत्राचा नियमही नाही. नोंदींचा आणि दुभाषाचा हक्क तेवढा सगळीकडे बरोबर येतो. ईएसएलही बरोबर येईल, मुलाची पातळी गाव बदलल्याने बदलत नाही. मिस्टरांना ऑफिस जवळ पडतंय, नात्यातलं कुणी शेजारी आहे, तर खुशाल जा. पण फोल्डरमध्ये आलेल्या दोन शब्दांना घाबरून मुलाचे आत्ता कुठे जमलेले मित्र तोडू नका. लीज संपेपर्यंत वेळ आहे. तेवढ्यात वर सांगितलेले दोन ईमेल पाठवून बघा, शाळा कशी वागते ते दिसेल आणि मग दोघं मिळून ठरवा.

सासूबाई नातवाला आणू शकतात. ऑफिसात मुलाला न्यायची परवानगी असलेल्यांची यादी असते, त्यात तुम्ही किंवा मिस्टरांनी त्यांचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहून द्या. घरातलं लाडाचं नाव चालत नाही. दारावर फोटो असलेलं ओळखपत्र मागतात, म्हणून पर्समध्ये पासपोर्ट हवा. पहिले काही दिवस तुम्ही बरोबर जा. मुलं कुठल्या दाराने सोडतात ते त्यांना कळेल आणि दारावरच्या माणसाला त्यांचा चेहरा कळेल. शाळेच्या कार्यक्रमांनाही त्यांना न्या, हल्लीच्या कायद्यात आईवडिलांबरोबर सबंध कुटुंब धरलेलं आहे. हिवाळ्यात येत असतील तर आल्या आल्या बूट घेऊन द्या, नाही तर चपलेवरच निघतील.